अक्षरी

गांधीबागेतल्या माझ्या दुकानात कूलरचं पाणी आटलं
त्याच दुपारी उके मॅडम आल्या.
अन्न व औषध प्रशासन. पायात साध्या चपला,
पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली.
"हे लेबल तुमच्याकडचं?"
मी चष्मा पुसला, लावला. उगाचच.
आपण बसवलेली अक्षरं
बापाच्या चालीसारखी लांबूनच ओळखू येतात.

गुळवेल, अडुळसा, बेहडा, काळी मिरी.
वर हिरवं पान, पानामागे उगवता सूर्य,
तो मी एका दंतमंजनाच्या फाइलमधून उचललेला.
आणि खाली, ठळक:
विषाणूंचा ९९ टक्के नायनाट.

मॅडमनी नायनाटावर बोट ठेवलं.
"नैसर्गिक चालेल. पारंपरिक चालेल.
मारतो, रोखतो, बरं करतो म्हटलं
की पुरावा लागतो.
पुरावा नसला की गुन्हा लागतो.
कायदा चोपन्न सालचा आहे, आजचा नाही."
आवाज चढला नव्हता.
घाम मात्र त्यांनाही आला होता.

नायनाट हा शब्द हेमराज खापेकरचा.
"भाऊ, जरा जोरदार लिहून दे ना बे,
लोकं मरून राहिले अन् तू मिळमिळीत लिहून राहिला."
ते मी सांगितलं. त्यांनी वहीत टिपलं.
"आणि हा आकडा?"

आकडा.
ओळ आखूड पडत होती.
दोन शब्दांच्या मधे पडक्या दातासारखी फट दिसायची.
दोन अंक आणि टक्के घातले, ओळ भरली.
शंभर घातलं नाही.
शंभर खोटं वाटतं.
नव्व्याण्णव म्हटलं की कोणीतरी बसून मोजलं असेल असं वाटतं.

"गिऱ्हाइकानंच दिला," मी म्हणालो.

त्या एप्रिलात रात्री साडेदहाला
पाचपावलीहून शेवंताकाकू निनावे आली होती,
तोंडाला पदर, हातात हीच बाटली.
"तूच छापलं नं हे? मंग खरं असन."
मी म्हटलं, काढा चांगलाच असतो, काकू.
पाहा, मी खोटं बोललो नाही.
फक्त तिच्या प्रश्नाच्या शेजारून गेलो.

त्यांच्या घरात तेव्हा दोन आकडे होते.
एक काकांच्या बोटावरच्या चिमट्यात:
त्र्याण्णव, नव्वद, सत्त्याऐंशी.
दुसरा बाटलीवर, न हलणारा.
काकूनं न हलणाऱ्यावर भरवसा ठेवला,
दोन दिवस. मग ऑटो शोधला.

बाटली तिनं फेकली नाही.
आता तीत खोबरेल असतं.
बोटं लागून लागून सूर्य पुसट झालाय,
९९ तेवढा शाबूत आहे.
शाई चांगली वापरली होती मी.

मॅडम पंचनामा आटोपून खाली उतरल्या.
फाइल अजून स्क्रीनवर उघडी होती.
खोडायला एक बटण पुरेसं होतं.
एका बटणानं इथलं जातं,
इतवारीतल्या, कामठीतल्या कपाटांतलं नाही.

जिन्यातून ओरडलो, "मॅडम!"
त्या स्कूटरची शीट झटकत होत्या,
उन्हानं हात लावू देत नव्हती.
"तो आकडा माझा होता.
जागा उरली होती म्हणून."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
रागावतील म्हणून थांबलो.
त्यांनी वहीतलं एक कोरं पान फाडून दिलं.
"हे लिहून द्या. हातानं. आणि आकडा अक्षरी."

वीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द टाइप करतोय,
लग्नाचे, तेराव्याचे, दुकान हलवल्याचे.
हातानं लिहायची सवय सुटलेली.
ओळ तिरपी गेली, शेवटी जागाच पुरेना,
आणि नव्व्याण्णव लिहिताना
त्या दोन ण पाशी
पेन अडला.